बुचांची दोरी

साहेब आला तो दिवस शुक्रवार होता.
शुक्रवारी आमच्या बिकितात मातीला लोखंड लावत नाहीत,
त्या दिवशी ती तिच्या धन्यांची असते,
धनी म्हणजे आधी गेलेले सगळे.
साहेबाला हे कुणी सांगितलं नव्हतं.
सात जणं जमली. त्यातली तीन पोरं, मोटारसायकल बघायला.

त्याने दोरी ताणली.
दर तीन वितींवर बाटलीचं एक बूच ओवलेलं.
बुचाखाली खड्डा, खड्ड्यात मूठभर शेण,
वर मक्याची धाटं पसरा, नांगर विसरा.
जमीन उघडी टाकणं म्हणजे, तो म्हणाला,
तापलेल्या पोराच्या अंगावरचं पांघरूण ओढणं.
पोर तापलं की आपण पांघरूण काढतोच की,
माई शिंगाय माझ्या कानात पुटपुटली.
हसू दाबताना डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

या शेतीचं नाव त्यांनी ठेवलं : खणा नि खा.
आमच्या बोलीत जीभ जराशी घसरली
की त्याचंच होतं : खणा नि मरा.
महिन्याभरात ते झऱ्यापासून गिरणीपर्यंत पोचलं.
साहेबाचा छापील कागद
अजून पत्र्याच्या पेटीत, घडी न मोडता.

सासरे, म्हातारे मासिम्बा, काहीच बोलले नाहीत.
आमचे चारही बैल जानेवारीच्या रोगाने गेले,
आठ दिवसांत.
जोखड मुफुराच्या झाडाला टांगलेलं आहे,
दर रविवारी ते त्याला तेल लावतात.
बैल नाहीत ही एक गोष्ट.
बैल नाहीत हे येणाऱ्या-जाणाऱ्याने
बांधावरून वाचावं, ही दुसरी.
आणि तीनशे खड्डे म्हणजे फारच मोठं अक्षर.

मी खणलं ते पटलं म्हणून नव्हे.
खणणाऱ्याला खताची अर्धी गोणी मिळायची.
स्वयंपाकाच्या झोपडीमागे, रस्त्यावरून दिसणार नाही असं,
ऑगस्टात, जमीन कवटीसारखी असताना.
धाटं पसरली की वाळवी येईल, सगळे म्हणाले होते.
आली.
धाटं खाल्ली, मका ठेवला.
याबद्दल कुणी काही म्हणालं नव्हतं.

मग जानेवारीत एकवीस दिवस आभाळ कोरं.
मोठ्या शेतातला मका दुपारी सुरळी व्हायचा.
मागचाही व्हायचा,
पण संध्याकाळी उलगडायचा.
एवढाच फरक. मी तेवढाच सांगते.
साहेब फोटो काढून गेला
आणि पुढच्या गावात बराच जास्त सांगितला म्हणे.

दुसऱ्या वर्षी पाऊस थांबेचना.
खड्ड्यांत पाणी, पाण्यात मुळं, मुळांना वास.
खत देणारी संस्थाही तंबू गुंडाळून गेली.
एकोणीस जण खणत होते, पाच उरले.
माझी पाठ रोज रात्री म्हणायची, सोड आता.
सोडलं असतंही.

पण एका रात्री माई शिंगाय आली, दिवा न घेता.
ती दोरी आहे का गं तुझ्याकडे?
बहिणीला हवीय.
तिला बहीण नाही, हे आम्हा दोघींना ठाऊक.
मी दोरी दिली आणि बहिणीची खुशाली विचारली.

आठवड्याने दोरी परत आली.
दोन बुचं गळालेली,
त्यांच्या जागी बिअरची, नवीकोरी,
आणि गाठींत तांबडी माती. आमची तर राखाडी.

त्या गुरुवारी सासरे काठी टेकत मागे आले.
बराच वेळ नुसते उभे.
रांग वाकडी आहे, म्हणाले.
नांगराखाली मी असली रांग कधी खपवून घेतली नसती.
मग खाली बसले, गुडघे कटकटले,
दोरीचं एक टोक टाचेखाली दाबलं
आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, ओढ.

नऊ रांगा झाल्या अंधार पडेपर्यंत.
दोरी त्यांनीच गुंडाळली,
जोखडाच्या खुंटीला अडकवली.
उद्या शुक्रवार, ते म्हणाले.
मला माहीत होतं. तरी मी हो म्हटलं.